राग कोणी आवरायचा? : प्राथमिक शाळेतील भावनांच्या शिक्षणाविषयी

शिक्षणाच्या व्यवहारात अलीकडे एक नवा शब्दप्रयोग रुळला आहे : सामाजिक-भावनिक कौशल्ये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला जागा दिली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत तो ऐकू येऊ लागला. त्याचा अर्थ अवघड नाही. मुलाला आपल्या भावना ओळखता याव्यात, त्या आवरता याव्यात, दुसऱ्याचे मन जाणता यावे, मिळून काम करता यावे आणि परिणामांचा विचार करून निर्णय घेता यावा, अशी ही पाच कौशल्ये आहेत. वाचन आणि गणित जसे शिकवावे लागते तसे हेही शिकवावे लागते, ते वयाबरोबर आपोआप येत नाही, असे हा विचार सांगतो.

आपल्या चळवळीतील माणसे हे ऐकली की दोन प्रकारे बोलतात. एक गट म्हणतो, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. आमच्या पोराला आधी लिहिता-वाचता येऊ द्या, शिष्यवृत्ती वेळेवर मिळू द्या, भावनांचे नंतर पाहू. दुसरा गट म्हणतो, हा डाव आहे. आमची पोरे आता कुठे मान वर करून बोलू लागली, तर त्यांना राग गिळायला शिकवण्यासाठी नवा तास निघाला. यातील पहिले मत मला मान्य नाही. दुसरी शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर दिल्याशिवाय या विषयात एक पाऊलही टाकता येणार नाही. म्हणून हा लेख. मुलांना भावना शिकवाव्यात की नाही हा आपल्यापुढचा प्रश्न नव्हेच, कारण शाळा त्या रोज शिकवते. कोणत्या भावना, कोणाला आणि कोणाच्या सोयीसाठी, हा खरा प्रश्न आहे.

१. शाळा काय शिकवत आली

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात आपल्या लहानपणच्या शाळेविषयी लिहिले आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि परत घरी न्यायचा, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावणार नाही. नळाला हात लावायचा नाही, चपराशी आला तरच पाणी, नाहीतर तहान. या अभ्यासक्रमाचे पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती, तरी तो शंभर टक्के मुलांच्या मनात उतरत होता. सवर्ण मुलाला त्यातून किळस आणि मोठेपणा शिकवला जात होता, अस्पृश्य मुलाला संकोच.

बाबासाहेब पुढे जे सांगतात ते शिक्षकाने नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या या भावंडांचे वाटेत जे हाल झाले, त्या प्रवासापूर्वी अस्पृश्यता ही आपल्याला सवयीची, गृहीत धरलेली गोष्ट होती, असे ते नमूद करतात. विचार सुरू झाला तो त्या धक्क्यानंतर. म्हणजे एवढ्या असामान्य बुद्धीच्या मुलालाही शाळेतील गोणपाट 'असेच असते' असे वाटत होते. अन्याय मुलाला सवयीचा करून देणे, हे शाळेने दिलेले सर्वांत खोल भावनिक शिक्षण होय.

हे सारे जुने झाले असे समजण्याचे कारण नाही. ओमप्रकाश वाल्मीकींचे 'जूठन' १९९७ साली आले. स्वतंत्र भारतातील शाळेत मुख्याध्यापक एका मुलाला वर्गाबाहेर काढून दिवसचे दिवस आवार झाडायला लावतो, हा प्रसंग त्यात आहे. ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ३८ टक्के गावांतील सरकारी शाळांत दलित मुलांना जेवताना वेगळे बसवले जात असल्याचे त्यात आढळले. शालेय पोषण आहाराची खिचडी सगळ्यांना एकाच भांड्यातून मिळाली, तरी पंगत एक झाली असे होत नाही.

याचा परिणाम बुद्धीवर होतो काय? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील एका ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे होते. जात उघड केली नव्हती तेव्हा दलित मुले आणि उच्च जातींची मुले यांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच, कोडी तीच. बदलले ते फक्त वर्गातले वातावरण. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. 'आधी गणित, मग भावना' म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही. भेदरलेल्या मुलाचे गणितही भेदरते.

मी महाविद्यालयात शिकवतो. अठराव्या वर्षी माझ्यासमोर येणाऱ्या मुलांत मागच्या बाकावर बसून तीन वर्षांत एकही प्रश्न न विचारणारी मुले दरवर्षी असतात. उत्तरपत्रिकेत ती चांगले लिहितात, म्हणजे विषय त्यांना कळलेला असतो. बोलायची हिंमत मात्र त्यांनी कुठेतरी गमावलेली असते, आणि ती जागा बहुधा पहिली ते चौथीच्या वर्गांत सापडते. मी स्वतः शिकलो त्या एका शाळेत शिष्यवृत्तीची यादी प्रार्थनेच्या रांगेत जातीसकट वाचली जाई. पैसे हक्काचे होते, पण आम्ही ते मान खाली घालून घेत होतो. ज्या मुलाच्या घरातले शाळेत गेलेले ते पहिलेच माणूस आहे, त्याला हे चुकीचे आहे असे घरी कोण सांगणार?

२. हा विचार कोठून आला

सामाजिक-भावनिक शिक्षण म्हटले की अमेरिकेतील पुस्तके, तक्ते आणि हसरे-रडके चेहरे डोळ्यांसमोर येतात. परंतु या विचाराचे एक मूळ निग्रो वस्तीतील शाळांत आहे, हे आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. दलित साहित्याने आपले नाते काळ्या लेखकांशी आणि ब्लॅक पँथरशी जोडले. शिक्षणाच्या बाबतीतही तसे नाते जोडता येते.

डॉ. जेम्स कोमर हे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ. वडील पोलाद कारखान्यात कामगार, आई घरकाम करणारी, नाममात्र शाळा शिकलेली. तिने पाच मुलांना उच्च शिक्षण मिळवून दिले. आपल्या बरोबरीचे, तितकेच हुशार मित्र वाया का गेले, हा प्रश्न कोमर यांना छळत होता. १९६८ साली येल विद्यापीठाच्या बालअभ्यास केंद्रातर्फे त्यांनी न्यू हेवन शहरातील दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केले. मुले जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय आणि गरीब. १९६९ साली वाचन व गणितात या दोन शाळा शहरातील ३३ प्राथमिक शाळांत शेवटच्या होत्या. पहिले वर्ष तर भांडणातच गेले, पालक संतापले होते.

कोमर यांनी सांगितलेला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. दक्षिणेतील खेड्यातून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला नातेवाइकाने शाळेत आणून सोडले. मुख्याध्यापकांनी त्याला वर्गात नेले. बाईंच्या चेहऱ्यावर 'आणखी एक आला' असा भाव उमटला. मुलगा घाबरला, बाईंच्या पायावर लाथ मारून पळाला. आपल्याकडे काय झाले असते? मुलगा 'उनाड' ठरला असता, बापाला बोलावले असते. तेथे शिक्षक, मानसतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ते एकत्र बसले आणि त्यांनी प्रश्न उलटा केला : अनोळखी जागी एकटे सोडलेल्या मुलाला काय वाटले असेल, आणि आपण काय बदलावे? नव्याने येणाऱ्या मुलाची आधी ओळख करून देण्याची, शाळा दाखवण्याची पद्धत त्यातून सुरू झाली. एकच शिक्षक दोन वर्षे त्याच मुलांना शिकवील अशीही व्यवस्था केली, म्हणजे नाते जुळायला वेळ मिळतो.

कोमर यांच्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे : मुलाची भावना दुरुस्त करण्याआधी शाळेची वागणूक दुरुस्त करा. शाळेच्या कारभारात पालकांना, त्यातही गरीब मातांना, खरी जागा द्या. दोष कोणाचा हे शोधण्यात वेळ घालवू नका, अडचण सोडवा. १९८४ पर्यंत या दोन शाळांतील चौथीची मुले शहराच्या क्रमवारीत तिसऱ्या व चौथ्या स्थानावर पोचली होती. वस्ती तीच होती, गरिबी तीच होती.

पुढे याच न्यू हेवन शहरात सर्व शाळांसाठी सामाजिक विकासाचा अभ्यासक्रम आखला गेला, आणि तेथे काम केलेल्या मंडळींच्या सहभागातून १९९४ साली 'कॅसेल' ही संस्था निघाली. आज जगभर सांगितली जाणारी पाच कौशल्यांची मांडणी तिची. २०११ साली अशा २१३ कार्यक्रमांचा आणि सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना ही कौशल्ये पद्धतशीर शिकवली त्यांची वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासातही सरासरी विद्यार्थी शंभरांच्या रांगेत सुमारे ११ जागा पुढे सरकला. मात्र या प्रवासात एक गोष्ट गळाली. कोमर यांचा 'शाळा बदला' हा अर्धा भाग पुष्कळ ठिकाणी मागे पडला आणि 'मूल बदला' हा सोपा भाग तक्त्यांवर आला. आपल्याकडे पोचला तो बहुतेक हा दुसरा भाग.

३. आपल्या जवळचे दोन प्रयोग

मी राहतो ते बोरगाव मेघे वर्धा शहराला लागून आहे. येथून सेवाग्राम जवळच. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम जन्माला आली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हात, हृदय आणि मस्तक यांचे शिक्षण एकत्र व्हावे, असे तिचे सूत्र. आपल्या लोकांना या योजनेबद्दल संशय होता आणि त्याला कारण होते. ज्या समाजावर पिढ्यान् पिढ्या अंगमेहनत जन्माने लादली गेली, त्याला शाळेतही चरखाच द्यायचा काय? बाबासाहेबांनी उच्च शिक्षणावर भर दिला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. आपल्या पिढीचे पदवीधर हे त्या वाटेचे फळ आहे.

तरी सेवाग्रामच्या शाळेतील एक गोष्ट विचारात घ्यावी अशी आहे. सफाई आणि स्वयंपाक हे तेथे सर्व मुलांचे काम होते. झाडू कोणा एका जातीच्या हातात नव्हता. मध्ये बरीच वर्षे बंद असलेले ते काम २००५ पासून तेथे आनंद निकेतन या शाळेच्या रूपाने पुन्हा चालू झाले. समतेवरचे भाषण ऐकून मूल समता शिकत नाही. ब्राह्मणाच्या किंवा पाटलाच्या मुलाने संडास धुतला आणि त्याने वाढलेली भाजी सगळ्यांनी खाल्ली, की तिघाचौघांच्या मनात एकदम काही हलते. काम सर्वांचे असेल तर ते शिक्षण, एकाचेच असेल तर ती शिक्षा. हा भेद सांभाळला तर या वारशातले घेण्यासारखे घ्यायला हरकत नाही.

दुसरा प्रयोग अलीकडचा आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो इतर जिल्ह्यांत पसरला. त्याने पाया घेतला तो संविधानातील मूल्यांचा : स्वातंत्र्य, समता, न्याय आणि बंधुता. मूल्यशिक्षण म्हणजे संतांच्या गोष्टी आणि सुविचार, ही जुनी समजूत त्याने बाजूला सारली. मुलांनी जोडीने बोलावे, गटात काम करावे, खेळातून शिकावे, अशी त्याची रीत आहे. संविधान पहिलीच्या वर्गापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंतु येथेही एक कसोटी आपण लावली पाहिजे. वर्गात बंधुतेचा खेळ झाला आणि खेळ संपल्यावर पाण्याच्या माठापाशी कोण कोणाला ओगराळे देतो? खेळातली बंधुता माठापर्यंत पोचली तरच ती बंधुता.

४. पाच कौशल्ये, आपल्या वर्गात

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. प्राथमिक शिक्षक, डी.एड.चे विद्यार्थी आणि वस्तीत मुलांचे वर्ग चालवणारे कार्यकर्ते यांना उपयोगी पडेल अशा बेताने मांडतो.

पहिले कौशल्य आपली भावना ओळखण्याचे. भावना ओळखायची तर तिला शब्द हवा, आणि मुलाचा शब्द घरच्या बोलीत असतो. 'मले करमत नाही', 'जीवाले लागलं', 'धसका बसला', 'डोकं सरकलं', 'कसंतरी वाटते'. आमच्या वऱ्हाडी-वैदर्भी बोलीत भावनेचे असे कितीतरी बारकावे आहेत. मूल 'मले राग आला' म्हणते तेव्हा गुरुजी 'मले नाही, मला म्हण' असे सांगतात. व्याकरण सुधारते आणि राग आतच राहतो. भावनांचा तास शुद्धलेखनाचा तास होता कामा नये. फळ्यावर मुलांचेच शब्द लिहावेत, कोणता शब्द केव्हा वापरतात हे त्यांनाच विचारावे. त्यात 'लाज' या शब्दावर एक दिवस जरूर थांबावे. आपण चूक केली म्हणून वाटणारी लाज आणि दुसऱ्याने हिणवले म्हणून वाटणारी लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी लाज हिणवणाऱ्याची आहे, ती मी वाहायची नाही, एवढे तिसरीच्या मुलाला कळू शकते. ज्याला ते कळले त्याचे निम्मे ओझे उतरले.

दुसरे कौशल्य भावना आवरण्याचे, आणि खरा वाद येथे आहे. राग आवरणे आणि राग गिळणे एक नव्हे. जातीवरून शिवी खाल्लेल्या मुलाला 'दहापर्यंत मोज, शांत हो' एवढेच शिकवले तर आपण त्याला गप्प राहायला शिकवले. त्याने दगड उचलला तर तो पुन्हा 'गुंड' ठरतो आणि मूळ शिवी विसरली जाते. शिकवायचे ते मधले : थांब, श्वास घे, काय झाले ते सांग, कोणी केले ते सांग, तुला काय हवे ते माग. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबणारा अभ्यासक्रम अर्धवट आहे. रागाचे रूपांतर तक्रारीत आणि तक्रारीचे मागणीत करता येणे हे नागरिकाचे कौशल्य आहे. चवदार तळ्यापर्यंत गेलेली माणसे चिडलेली होती, पण रांगेत चालत गेली होती. तो आवरलेला राग होता, गिळलेला नव्हता.

अशा शिक्षणाची एक जुनी खूण आपल्या इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षी आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दुःख ओळखले, त्याला शब्द दिला, ते कोणी लादले हे विचारले आणि सर्वांसमोर मांडले. कोणी तक्ता न लावता त्या मुलीने ही सारी कौशल्ये मिळवली होती, कारण तिच्या शाळेने तिला बोलू दिले.

तिसरे कौशल्य दुसऱ्याचे मन जाणण्याचे. येथे एक गंमत आहे. दलित, भटक्या मुलाला हे कौशल्य बहुधा आधीच येत असते. मालकाचा, मास्तरांचा चेहरा वाचल्याशिवाय त्याचा निभाव लागत नाही. ज्याला दुसऱ्याचा चेहरा वाचायची कधी गरजच पडली नाही त्याला हा धडा जास्त हवा. म्हणून समानुभूतीचा पाठ गरीब वस्तीतील शाळांपुरता ठेवणे म्हणजे औषध निरोग्याला पाजणे होय. तो बसने जाणाऱ्या इंग्रजी शाळांतील मुलांनाही तितकाच, किंबहुना अधिक, शिकवला पाहिजे.

चौथे कौशल्य मिळून काम करण्याचे. यासाठी एक उत्तम रीत उपलब्ध आहे. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात शाळांतील वर्णभेद मोडल्यावर गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांत तणाव वाढला. तेव्हा एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने वर्गाची रचनाच बदलली. पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले. पाठाचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. निरनिराळ्या गटांतील एकाच तुकड्याची मुले आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. परीक्षा साऱ्या पाठावर असते. म्हणजे ज्याला काल चिडवले त्याचेच आज ऐकावे लागते, कारण तो तुकडा फक्त त्याच्याकडे आहे. काही आठवड्यांतच मुलांतील तेढ कमी झाली, आणि मागे पडणाऱ्या मुलांचे गुण वाढले.

हे आपल्याकडे खर्चाशिवाय करता येते. वर्धा जिल्ह्याचा पाठ घ्या. एकाकडे नद्या : वर्धा, धाम, बोर. दुसऱ्याकडे आठ तालुके : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. तिसऱ्याकडे कापूस, सोयाबीन, तूर ही पिके. चौथ्याकडे सेवाग्राम आणि पवनार. पाचव्याकडे लोकांचे कामधंदे. हा पाचवा तुकडा मुद्दाम सांगितला. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या मायचे, वीटभट्टीवरच्या बापाचे मूल त्यातले तज्ज्ञ असते. त्याच्या घरचे ज्ञान वर्गाचा पाठ होतो. गट मात्र शिक्षकाने पाडावेत. मुलांवर सोडले तर गट वस्तीप्रमाणे पडतात.

पाचवे कौशल्य निर्णयाचे. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे वर्गाची सभा घ्यावी. मुले गोल बसतील, शिक्षकही खाली बसेल. एक अडचण घ्यायची, प्रत्येकाने बोलायचे, उपाय ठरवायचा, पुढच्या आठवड्यात तो तपासायचा. पाणी कोण भरतो, झाडतो कोण, खिचडी कोण वाढतो, वर्गनायक किती दिवस राहतो, हे विषय येथे घ्यावेत आणि कामांची पाळी भिंतीवर लावावी. लोकशाहीची व्याख्या पाठ करण्याआधी मुलाने ती एकदा चालवून पाहिलेली बरी.

५. तीन धोके

पहिला धोका मोजमापाचा. भावना शिकवायच्या म्हटले की तिची श्रेणी द्यावीशी वाटते. उद्या प्रगतिपुस्तकाच्या वर्णनात्मक नोंदीत 'रागीट आहे', 'मिसळत नाही' असे शेरे पडतील आणि ते कोणाच्या पुस्तकात पडतील हे सांगायला ज्योतिषी नको. पारधी बेड्यावरून आलेल्या मुलाला जन्मतःच एक शेरा मिळालेला आहे, त्यात शाळेने भर घालू नये. मोजायचेच असेल तर वर्गाला मोजा : या महिन्यात किती मुले बोलली, कोणाला एकदाही पाळी मिळाली नाही, डबा खाताना कोण एकटे होते.

दुसरा धोका शांततेच्या व्यापाराचा. डोळे मिटून श्वास पाहण्याचा सराव अनेक शाळांत सुरू झाला आहे. त्याचे मूळ बुद्धाच्या स्मृतिसाधनेत आहे. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत ती तणावावरचा उपाय म्हणून रुग्णालयात आणली आणि तेथून ती शाळांत शिरली. श्वासाचा सराव उपयोगी आहे, त्याला विरोध नाही. परंतु धम्मात ती एकटी नाही, तिच्यासोबत शील आणि मैत्री आहेत. समतेशिवायची शांतता बुद्धाने शिकवली नाही. १९५६ साली आपण जो धम्म घेतला तो डोळे उघडण्यासाठी.

तिसरा धोका शिक्षकाविषयीचा. ज्या शिक्षकाला वरिष्ठ सर्वांसमोर अपमानित करतात, ज्याच्याकडे दोन वर्ग आणि वर माहिती भरण्याची दहा कामे आहेत, तो मुलांशी शांतपणे कसा बोलणार? भावनांचे शिक्षण शिक्षकाच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर म्हणून अडकवले तर ते रजिस्टरच राहील. शिक्षक संघटनांनी हा प्रश्न आपला मानला पाहिजे.

६. आपण काय करावे

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. कलम २९ म्हणते की शिक्षण संविधानाच्या मूल्यांना धरून असावे आणि मुलाला भीतीपासून मुक्त करणारे, मोकळेपणाने मत मांडायला मदत करणारे असावे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. कोमर यांनी १९६८ साली जे झगडून मिळवले ते आपल्याकडे कागदावर आहे. आपल्या वस्तीतील मायबाई त्या समितीत सहीपुरत्या आहेत की बोलायला आहेत, हे कार्यकर्त्यांनी पाहावे. सभेच्या आदल्या दिवशी विहारात बसून विषय समजावून घेतले तर त्या बोलतील.

समितीच्या सभेत पाच प्रश्न दरवेळी विचारावेत. पाणी सगळी मुले एकाच ओगराळ्याने घेतात काय? खिचडीला कोण कुठे बसते? झाडण्याची पाळी भिंतीवर लावली आहे काय, आणि तीत सर्वांची नावे आहेत काय? शिष्यवृत्तीची यादी कशी वाचली जाते? या महिन्यात कोणत्या मुलाला मारले किंवा हिणवले, आणि त्याचे पुढे काय झाले? या पाच प्रश्नांची नीट उत्तरे देणारी शाळा भावनांचा वेगळा तास न घेताही पुष्कळ शिकवते. ही उत्तरे न देणारी शाळा हसऱ्या चेहऱ्यांचे कितीही तक्ते लावो, ती जुनाच पाठ गिरवत असते.

ज्यांनी शिक्षक व्हायचे ठरवले आहे अशा आपल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या वर्गातले एखादे मूल उद्या उभे राहून म्हणेल, 'गुरुजी, मले हे बरोबर वाटत नाही.' कदाचित ते तुमच्याच एखाद्या वागण्याविषयी असेल. त्या क्षणी राग तुम्हाला येईल. तो आवरण्याचे काम तुमचे आहे, मुलाचे नव्हे. त्याला बसायला सांगू नका. पुढे काय म्हणतो ते ऐका.